चौथ्या ठाण्यावरचं शून्य

चष्मेवाल्या काकांची नजर हे एक प्रकरणच होतं. वय सदुसष्ट, आणि डोळ्यांना चष्मा नाही. चष्मे विकणाऱ्या माणसाने स्वतः चष्मा न लावणं धंद्याला मारक, असं काकू त्यांना वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. काकांना मात्र त्याचा कोण अभिमान! तळ्याच्या पलीकडच्या काठाला तरंगणारा पाखराचा ठिपका टिबुकली आहे की चांदवा, हे ते दुर्बीण डोळ्यांना लावायच्या आत सांगायचे. मग दुर्बीण लावून आपलंच बरोबर निघाल्याची खात्री करून घ्यायचे, आणि आजूबाजूला कुणी असेल तर त्यालाही करून द्यायचे.

दुकान दोन माणसं आणि एक आरसा मावेल एवढं. पुढे फ्रेमांचं कपाट, मधे नंबर काढायची खुर्ची आणि मागे पडद्याआड भिंगांच्या कडा घासायचं यंत्र. ते सुरू झालं की गिऱ्हाईक कानांवर हात ठेवायचं. काका चाळीस वर्षं त्याच्या पुढ्यात मान खाली घालून बसलेले. आपल्याला चांगलं दिसतं असं ठासून सांगणारी माणसं त्यांनी ढिगाने पाहिली होती. एक आजीबाई तर तक्त्यावरची शेवटची ओळ पुसट छापलीय म्हणून कडकडून भांडल्या होत्या. काका हा किस्सा रंगवून सांगायचे आणि वर म्हणायचे, "माणसाला आपलं काय कमी झालंय ते कळतच नाही हो." हे सगळं दुसऱ्यांबद्दल, हे वेगळं सांगायला नको.

रविवारी दुकान बंद आणि काका तळ्यावर. थंडी ओसरायला लागली, काठावरच्या झाडांना बोटाच्या पेराएवढी पालवी फुटली, की तळ्यावर पाखरांची मोजणी व्हायची. तळ्याभोवती सहा ठाणी ठरलेली. उजाडल्यापासून तासभर प्रत्येकाने आपापल्या ठाण्यावर उभं राहायचं, दिसेल आणि ऐकू येईल ते पाखरू तक्त्यात लिहायचं, आणि तक्ते पालिकेच्या उद्यान खात्याला द्यायचे. ही मोजणी बावीस वर्षांपूर्वी काकांनीच सुरू केली आणि तिचे नियमही त्यांचेच. त्यातला सगळ्यात कडक नियम रिकाम्या चौकटीचा. पाखरू नसेल तर चौकट मोकळी सोडायची नाही, शून्य लिहायचं. मोकळी चौकट म्हणजे पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं, ऐकलं, आणि नाही. हे ते इतक्यांदा समजावत की तळ्यावरची मंडळी त्यांना पाठीमागे शून्यकाका म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

चौथं ठाणं काकांचं स्वतःचं. तिथे माणसाहून उंच बोरूचं दाट बेट होतं, आणि त्या बेटात किरकिऱ्या राहायचा. किरकिऱ्या म्हणजे चिमणीहून बारीक, मातकट रंगाचं पाखरू. बोरूच्या बुडाशी उंदरासारखं सरपटतं, वर म्हणून येत नाही. बावीस वर्षांत काकांना त्याची शेपटी तीनदा दिसली होती, आणि तीही पळताना. तो ओळखायचा आवाजावरून. वसंत लागला की भल्या सकाळी बेटातून टोळासारखी बारीक, न तुटणारी कीर्रर्र सुरू व्हायची. ती ऐकली की काका तक्त्यात आकडा टाकायचे.

सबंध शहरात किरकिऱ्या राहायचा तो याच बेटात. म्हणून पालिकेने बेटाला संरक्षण दिलेलं. पण नियमात एक कलम होतं: ओळीने चार वसंत पाखरू आढळलं नाही, तर संरक्षण उठेल. आणि तीन वर्षांपूर्वी काकांच्या तक्त्यात किरकिऱ्यापुढे पहिल्यांदा शून्य पडलं.

त्या दिवशी काकांना घरी जेवण गेलं नाही. दुसऱ्या वर्षी ते ठरल्यापेक्षा तासभर आधी जाऊन उभे राहिले आणि तासभर उशिरा निघाले, तरी शून्यच. तिसऱ्या वर्षी त्यांच्याबरोबर मास्तरीणबाई होत्या. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, चाळिशीच्या, तळ्यावर नव्या, आणि शिकायची हौस असलेल्या. दोघं बेटापुढे उभे असताना बाईंनी तक्ता ओढून घेतला आणि किरकिऱ्यापुढे एक लिहिला.

"हे काय?" काका म्हणाले.

"वाजतोय ना, काका. तो काय, डावीकडे."

काकांनी श्वास रोखून कान दिला. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, लांब चांदव्यांची भांडणं, रस्त्यावरची एक गाडी. बाकी काही नाही.

"बाई, बेट वाचावं असं तुम्हाला वाटतं, ते मलाही वाटतं. म्हणून मनाचं ऐकून लिहायचं नसतं."

"मनाचं नाही हो! अजून वाजतोय!"

तोवर बाकीची मंडळी आपापली ठाणी आटोपून आली होती. काकांनी सगळ्यांदेखत बाईंचा एक खोडला, शेजारी शून्य लिहिलं आणि खोडल्याबद्दल खाली सही केली, कारण तोही त्यांचाच नियम. वर म्हणाले, "उद्या तुमची मुलं गणितात मनाचे आकडे टाकतील, तेव्हा काय कराल?" दोघंतिघं हसले. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून त्या यायच्या बंद झाल्या. काका माणूस वाईट नव्हता. बरोबर असायची सवय जडली होती, इतकंच, आणि तिच्यावर उतारा त्यांच्या दुकानात मिळत नव्हता.

यंदा चौथं शून्य पडलं. पंधरा दिवसांत तळ्याच्या फाटकावर पालिकेची नोटीस लागली. बेटाचं संरक्षण उठलं होतं. पाखरं घरटी बांधायला लागायच्या आत, येत्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, बोरू कापून तिथे होड्यांसाठी धक्का बांधायचा होता. काका नोटिशीपुढे बराच वेळ उभे राहिले. मोजणीतल्या कुणीतरी चाचरत म्हटलं, "काका, एखादा एक टाकला असता तर..."

"खोटं लिहून वाचवलेलं बेट मला नको," काका म्हणाले. काकांना मनापासून वाईट वाटत होतं, पण आपण चोख वागलो याचं त्या वाईटात थोडं समाधानही होतं. ते समाधान पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकलं.

दुकानात त्यांनी हिवाळ्यात डोळे तपासायचं नवं मशीन घेतलं होतं. तपासणी झाली की मशीन बारीक शीळ घालून सांगतं, असं माहितीपत्रकात लिहिलेलं. काकांच्या मशीनने कधी शीळ घातली नाही. त्यांनी कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावून घेतलं. तो दोन्ही वेळा "वाजतंय की" म्हणून निघून गेला, आणि काकांनी त्याला कामचुकारांच्या यादीत टाकलं. त्या शुक्रवारी सात-आठ वर्षांची एक मुलगी खुर्चीत बसली होती. हनुवटी टेकवलेली, पाय लोंबकळत.

"आजोबा, झालं ना?"

"थांब, हलू नकोस. मशीनचं व्हायचंय."

"पण ते कधीचं ओरडतंय."

काका हसले. मग त्यांनी मुलीच्या आईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. दारात उभ्या असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं, तर त्याने कपाळाला आठ्या घालून कानात बोट घातलेलं. काकांनी बटण दाबून मशीन बंद केलं, तसा त्या गिऱ्हाइकाने सुटल्यासारखा निःश्वास टाकला. काकांना काही फरक जाणवला नाही.

शनिवारी ते कान तपासायला गेले. काकूंना सांगितलं नाही, कारण काकू दोन वर्षं टीव्हीच्या आवाजावरून हेच सांगत होत्या आणि त्यांना जिंकू द्यायची काकांची तयारी नव्हती. कान तपासणारी मुलगी त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिने त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला जाड आवाज आले. काकांनी टपाटप बटण दाबलं. मग आवाज यायचे थांबले. काका बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलासारखे वाट पाहत बसले. काचेपलीकडची मुलगी काहीतरी फिरवत होती, लिहीत होती, पुन्हा फिरवत होती. बऱ्याच वेळाने तिने दार उघडलं.

"बारीक आवाज केव्हा सुरू करताय?" काकांनी विचारलं.

"झाले, काका," ती म्हणाली.

मग तिने कागदावरची रेघ दाखवली. रेघ अर्ध्यापर्यंत बरी चालत आली होती आणि तिथून कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. बोलणं ऐकू येईल, गाड्या येतील, जाड आवाजाची पाखरं येतील. या रेघेपलीकडचं काही येणार नाही. कामाच्या जागी कर्कश यंत्र होतं का, असं तिने विचारलं. काकांनी मान डोलावली. कानात यंत्र घातलं तर बोलणं अजून स्पष्ट होईल, ती म्हणाली, पण हा वरचा भाग गेला तो गेला.

"टोळासारखा आवाज?" काका म्हणाले. "एक पाखरू असतं. बारीक कीर्रर्र करतं."

मुलीने पेनचं टोक रेघेच्या खूप पलीकडे, कोऱ्या जागेवर ठेवलं. "इथे कुठेतरी असेल. का हो?"

काका उठले. जिना उतरून रस्त्यावर आले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. बोरूच्या बेटातून कुणीच गेलेलं नव्हतं. चार वसंत पाखरू समोर बसून गात होतं आणि आपण त्याच्या तोंडावर शून्य लिहीत होतो. आणि जिने ऐकलं, तिला आपण चारचौघांत खोटं पाडलं. तिथेच, भर दुपारी, रस्त्यावरच्या माणसांसमोर चष्मेवाल्या काकांना रडू फुटलं.

घरी काकूंनी कागद पाहिला, पण जिंकल्याचा आनंद त्यांनाही झाला नाही. "अहो, मग जाऊन सांगा ना," त्या म्हणाल्या. "चूक झाली म्हणावं. माणसाच्या हातून चुका होत नाहीत का?"

सोमवारी काका दुकान न उघडता पालिकेत गेले. उद्यान खात्याच्या साहेबबाई त्यांना ओळखत होत्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, कान तपासणीचा दाखला नीट वाचला. बाई खडूस असत्या तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

"काका, या दाखल्यात तुम्हाला ऐकू येत नाही असं लिहिलंय. पाखरू आहे, असं कुठे लिहिलंय?"

"आहे म्हणून तर सांगतोय."

"तुम्ही ऐकलंत?"

काकांनी दाखल्याची घडी केली.

साहेबबाईंनी कपाटातून जाड फाईल काढली. चारही वर्षांचे तक्ते समोर मांडले. वळणदार अक्षरात चार शून्यं, प्रत्येकाखाली काकांची सही. "इतकी स्वच्छ नोंद आमच्याकडे दुसऱ्या कुणाची नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या हे खरंच कौतुकाने बोलत होत्या. "मी वर जाऊन काय सांगू? ज्यांच्या शब्दावर निर्णय झाला, तेच आता शब्द फिरवतायत म्हणून? आणि नोंद फक्त मोजणीच्या दिवसाची धरतात, हे कलम तुम्हीच घालून घेतलं होतंत ना?"

घालून घेतलं होतं. हौशी लोकांनी वाटेल तेव्हा वाटेल ते कळवू नये म्हणून. काका फाईल चाळत राहिले आणि तिसऱ्या वर्षीच्या तक्त्यावर त्यांना तो खोडलेला एक सापडला. "हा बघा, हा! यांनी ऐकला होता!" साहेबबाई पुढे वाकल्या. "हो, पण खोडलाय. खाली तुमची सही आहे." काकांनी तो कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. साहेबबाईंनी तो हळूच त्यांच्या बोटांतून सोडवून फाईलला लावला.

संध्याकाळी ते मास्तरीणबाईंच्या दारात उभे होते. बाईंच्या हातात वह्यांचा गठ्ठा होता. त्यांनी आत या म्हटलं नाही. काकांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, मधे न थांबता, कान तपासणीचा कागद पुढे धरून.

"मग आता माझ्याकडे कशाला आलात?" बाई म्हणाल्या.

"माफी मागायला."

"आणि?"

"आणि... तुमचे कान मागायला."

बाईंनी गठ्ठ्यातली वरची वही सरळ केली. मग म्हणाल्या, "वर्षभर मला वाटत होतं, मलाच भास झाला. तुमच्यासारखा माणूस नाही म्हणतोय म्हटल्यावर. वर्गात मुलं काही सांगायला आली, की मी आधी विचारायला लागले, नक्की ना? नक्की ना?" त्यांनी वह्या खाली ठेवल्या. "उद्या किती वाजता?"

मंगळवारी उजाडताना दोघं चौथ्या ठाण्यावर उभे होते. पाण्यावर धुकं होतं, गवत ओलं होतं, एक राखी बगळा गुडघाभर पाण्यात ध्यान लावून उभा होता. काका बेटाकडे पाहतच नव्हते. ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. थोड्या वेळाने बाईंनी डोळे मिटले आणि बोट वर केलं.

"वाजतोय," त्या कुजबुजल्या. "तोच. अजून वाजतोय... थांबला. हां, पुन्हा." मग त्यांनी बोट दुसरीकडे वळवलं. "आणि तिथे दुसरा."

दोन होते. काकांनी दोन्ही कानांमागे हाताचे पंजे धरले, मान तिरकी केली, तोंडही उघडलं. पाणी वाजत होतं, चांदवे भांडत होते. बाईंनी फोनवर आवाज धरला आणि तिथूनच साहेबबाईंना पाठवला. उत्तर बुधवारी दुपारी आलं. ध्वनिफीत मिळाली, ती नेमकी याच जागेची आहे हे ठरवायला सोय नाही, पुढच्या वर्षीच्या मोजणीत अवश्य विचार होईल. बाईंनी ते काकांना दुकानात येऊन वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी कुठल्या बेटात मोजणार, असं दोघांनीही विचारलं नाही. काकांनी समोरच्या गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू आवळला आणि तो इतका आवळला की दांडी मोडली.

गुरुवारी सकाळी दोघं पोचेपर्यंत बोरू कापायचं मशीन पाण्यात उतरलं होतं. खाली चाकांऐवजी साखळीचे पट्टे, पुढे लांबलचक पातं, वर चालकाची बसायची जागा. चालक तिशीचा, हसऱ्या तोंडाचा, कानांवर आवाज अडवायचे लाल रंगाचे जाड संरक्षक. बोरू कापला जात नव्हता, आडवाच होत होता. काका मुकादमाकडे धावले. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं, म्हाताऱ्या माणसाला नाराज नको करायला म्हणून साहेबबाईंना फोनही लावला, आणि फोन खिशात ठेवून म्हणाला, "चालू ठेवा म्हणतायत, काका. माझ्या हातात काय आहे?"

दहाच्या सुमारास चहासाठी मशीन थांबलं. बेटाचा तोवर काठालगतचा एक पट्टा उरला होता, चार माणसं हातात हात धरून उभी राहतील एवढा. बाकी सगळं पाण्यावर आडवं. एकाएकी शांत झालं, आणि मास्तरीणबाईंनी काकांचा दंड घट्ट धरला.

"काका, वर बघा. टोकावर."

काकांनी दुर्बीण लावली. उरलेल्या पट्ट्यातल्या सगळ्यात उंच बोरूच्या टोकावर ते मातकट पाखरू बसलं होतं. खाली सरपटायला जागाच उरली नव्हती म्हणून वर आलेलं. बावीस वर्षांत काकांनी त्याला असं उघड्यावर कधी पाहिलं नव्हतं. पाठीवरच्या गडद रेघा दिसत होत्या, नखं दिसत होती, डोळ्याभोवतीची फिकट कड दिसत होती. चोच सताड उघडी होती. आतलं पिवळं तोंड दिसत होतं. गळ्यावरची पिसं ताठ उभी राहून थरथरत होती, आणि सगळं अंगच त्या थरथरीने हलत होतं. काकांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"गातोय?" त्यांनी दुर्बीण न काढता विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"मशीन थांबलं तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "एकदाही थांबलेला नाही."

चालकाने पेला मुकादमाच्या हातात दिला, लाल संरक्षक कानांवर चढवले आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. काकांनी दुर्बीण सोडली. ते चिखलात उतरले, बुटांसकट, आणि दोन्ही हात डोक्यावर हलवत ओरडले, "अहो, थांबा! तो आहे! मला दिसतोय!" आवाज फाटेपर्यंत ओरडले. पाठोपाठ बाईही ओरडल्या. मशीन सुरू झालं. चालकाने मान वळवून पाहिलं, तर काठावर एक म्हातारा दोन्ही हात हलवत होता. चालक हसला, त्यानेही आपला एक हात वर करून हलवला, आणि पातं खाली घेतलं.